ताप राहू द्यावा का

सीमंतिनी तेलंग नेमकं काय काम करते, हे दाना ओली या जुन्या मराठी गल्लीतल्या तिच्या घरी कुणालाच धड सांगता येत नसे. आई लग्नकार्यात "हॉस्पिटलात आहे" एवढंच म्हणायची. मग समोरची बाई आपल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं काढायची, आणि सीमंतिनीला सांगावं लागायचं की मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. "मग?" या प्रश्नाचं उत्तर लांबलचक होतं. ते पुरं होईपर्यंत पंगत उठलेली असायची.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, फूलबागेजवळच्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत एक संशोधन चाललं होतं. देशभरातल्या बऱ्याच रुग्णालयांनी मिळून हाती घेतलेलं. प्रश्न अगदी साधा होता. जंतुसंसर्ग होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या माणसाला ताप आला, तर तो उतरवावा की राहू द्यावा? डॉक्टर वर्षानुवर्षं उतरवत आले होते. पण ताप म्हणजे शरीराची जंतूंशी चाललेली झटापट असेल, तर तो उतरवून आपण शरीराचेच हात बांधत नाही ना, ही शंकाही जुनीच होती. दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे पुष्कळ, खात्रीने सांगणारं कुणी नाही. म्हणून काही जणांचा ताप औषधाने उतरवायचा, काही जणांचा ठरलेल्या मर्यादेपर्यंत तसाच राहू द्यायचा, बाकी सगळे उपचार सारखेच करायचे, आणि शेवटी बघायचं की कुठल्या गटातली माणसं जास्त संख्येने घरी परतली. कोण कुठल्या गटात जाणार हे कंप्युटर ठरवणार. त्यात डॉक्टरचं चालणार नाही की नातेवाइकांचं.

या संशोधनासाठी रुग्ण मिळवणं हे सीमंतिनीचं काम. फार्मसीची मोठी पदवी घेऊन ती आधी मालनपूरच्या एका कारखान्यात गोळ्या तपासत असे. गोळ्यांना काही विचारावं लागत नाही. इथे मात्र ज्याला विचारायचं तो बेशुद्ध, तोंडात नळी. म्हणजे त्याच्या बायकोला विचारायचं, मुलाला विचारायचं, आणि तेही ताप आल्यापासून बारा तासांच्या आत. त्यानंतर तो रुग्ण घेता येत नसे. ज्यांचा माणूस कालपर्यंत चहा पीत बसला होता आणि आज काचेपलीकडे पडलाय, त्यांच्यापुढे जाऊन म्हणायचं, की आम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती शोधायला मदत कराल का?

बहुतेक जण नाही म्हणत. काही जण बोलणं पुरं व्हायच्या आत नाही म्हणत.

आयसीयूचे प्रमुख डॉक्टर हेमेंद्र शितोळे भले गृहस्थ होते, पण सदा घाईत. त्यांचं मत ठरलेलं होतं. "लोकांना समजत नाही गं. प्रयोग म्हटलं की त्यांना उंदीर दिसतात."

सीमंतिनीला हे पटत नव्हतं. नाही म्हणणाऱ्यांत शेतकरी होते, तसे कॉलेजातले प्राध्यापकही होते. एक वकील तर सगळी पानं वाचून, दोन चुका दाखवून मग नाही म्हणाले होते. समजत नाही म्हणून नाही, असं दिसत नव्हतं. मग काय? ही गोष्ट तिच्या डोक्यात इतकी घोळायला लागली, की एके दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली, "सर, ज्यांनी नकार दिला, त्यांना मी विचारू का, का दिला ते?"

"नाही म्हटलेल्याच्या मागे लागता येत नाही, सीमंतिनी. नियम आहे."

"मागे नाही लागणार. त्यांचा नकार मला बदलायचाच नाहीये. फक्त जाणून घ्यायचंय."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे तसं लिहून पाठवलं. समितीने परवानगी दिली.

मग सीमंतिनी दुपारच्या वेळी आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये जाऊन बसायला लागली. जानेवारीचा महिना होता. सकाळी उशिरापर्यंत धुकं, लोक रजया पांघरून खुर्च्यांवर मुटकुळी करून बसलेले, पायांशी थर्मास आणि डबे. ती आधीच सांगून टाकायची, की तुमचा नकार पक्का आहे, मी त्याबद्दल काही म्हणणार नाही. तेवढं ऐकलं की लोक मोकळे व्हायचे. भिंडहून भावाला घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने तिला गजकचा, म्हणजे तिळगुळाच्या वडीचा, तुकडा दिला आणि म्हणाला, "बिटिया, सुबह से जिस-जिस काग़ज़ पर दस्तख़त किए, हर बार उसके बाद हालत और बिगड़ी. नली डालनी है, दस्तख़त. मशीन लगानी है, दस्तख़त. फिर तुम भी काग़ज़ लेकर आ गईं."

सीमंतिनी गजक हातात धरून बसून राहिली. सही म्हणजे संमती, असं ती आजवर धरून चालली होती. या हॉलमध्ये सही म्हणजे वाईट बातमी होती.

एका तरुण बाईने सांगितलं, की संशोधन म्हणजे आजाराचं निदानच झालेलं नाही असा तिने अर्थ घेतला. एक प्राध्यापक म्हणाले, की तुमचं सगळं खरं होतं, पण 'आम्हाला माहीत नाही' हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायची ती वेळ नव्हती. आणि एक आजी तर सरळ म्हणाल्या, "तू उभी होतीस. इथं जो उभ्याने सांगतो तो वाईटच सांगतो."

त्या दिवसापासून सीमंतिनी उभ्याने बोलायची बंद झाली.

याच सुमारास सूर्याजी फाळके आयसीयूत आले. खासगी बाजार मोहल्ल्यात राहणारे, एका शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. शहरातल्या हॉकीच्या सामन्यांत पंच म्हणून त्यांना ओळखणारे लोक अजून होते. थंडीत साधा खोकला झाला, तो अंगावर काढला, आणि न्यूमोनिया इतका वाढला की आणल्याबरोबर व्हेंटिलेटर लावावा लागला. सकाळी ताप चढला. संशोधनाच्या सगळ्या अटींत ते बसत होते.

बाहेर त्यांच्या पत्नी शांताताई एकट्याच होत्या. नेसूची सुती साडी, वर नवऱ्याचा लोकरीचा कोट. सीमंतिनीने खुर्ची ओढली, कँटीनमधून दोन चहा मागवले आणि आधी कागद पिशवीतून काढलाच नाही.

"काकू, मी सीमंतिनी तेलंग. इथं काम करते. तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. आत काही बिघडलेलं नाही, त्यासाठी नाही आले."

शांताताईंनी मराठी ऐकून मान वर केली. "तेलंग म्हणजे दाना ओलीतले का? देवळाकडचे?"

"हो, आजोबा पूजा करायचे तिथे."

"मग बोल." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला, ऊब घ्यायला.

सीमंतिनीने सगळं सांगितलं. ताप काय करतो, काय करत असेल असं वाटतं, आणि नक्की काय ते कुणालाच कसं माहीत नाही. तुम्ही नाही म्हटलंत तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हेही सांगितलं. शांताताई मधेमधे विचारत होत्या. ताप फार वाढला तर? तर मर्यादा ठरलेली आहे, तिच्यापुढे गेला की औषध देतात. आणि कुठला गट ते कोण ठरवणार?

"कंप्युटर. त्याच्यावर कुणाचा जोर नाही."

"म्हणजे टॉस."

"अगदी तसंच."

शांताताईंनी मान हलवली आणि काचेच्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला एक सांगू का? आत इतकी यंत्रं लावलीत. हिरव्या रेघा, लाल आकडे, टूं टूं वाजतंय. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. ताप तेवढा कळतो. मघाशी आत सोडलं तेव्हा त्यांच्या कपाळाला हात लावला, आणि कळलं. मुलाच्या लहानपणी रात्र रात्र पट्ट्या ठेवल्यात मी. आता तोच एक ताप, तो तू म्हणतेस राहू द्या."

सीमंतिनी आजवर इतक्या लोकांशी बोलली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, लोकांना औषधाची भीती आहे, प्रयोगाची भीती आहे. इथे प्रश्न वेगळाच होता. माणसाचं सगळं काही दुसऱ्यांच्या हाती दिल्यावर बायकोच्या हाती एकच ओळखीची गोष्ट उरली होती, आणि नेमकी तीच सीमंतिनी मागायला आली होती.

"हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, काकू," ती म्हणाली.

"तुझी आई आत असती तर काय केलं असतंस?"

हा प्रश्न नेहमीचा होता. त्याचं एक शिकवलेलं उत्तर होतं, पण ते तिच्या जिभेवर आलं नाही. "भीती वाटली असती. तरी हो म्हटलं असतं, असं आता वाटतं. पण माझी आई घरी भाजी निवडत बसलीय, म्हणून मला असं वाटणं सोपं आहे."

शांताताई पहिल्यांदाच जरा हसल्या. "मुलाला विचारते. अंशुल हैदराबादला असतो. निघालाय तो. थांबता येईल का?"

संध्याकाळपर्यंत थांबता येणार होतं. सीमंतिनी थांबली. अंशुल विमानाने दिल्लीला उतरला होता, पण धुक्यामुळे पुढची गाडी कुठे तरी अडकली होती आणि फोन लागत नव्हता. शांताताई लावत राहिल्या. सीमंतिनीने मधून मधून दुसरी कामं उरकली, पण तिचं लक्ष हॉलकडेच होतं. तिला एकदाही जाऊन विचारावंसं वाटलं नाही, असं नाही. पण ती गेली नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा शांताताईंनीच तिला खुणेने बोलावलं. "दे तो कागद."

"काकू, अंशुलशी बोलणं नाही झालं अजून."

"आमच्या संसारातल्या सगळ्या निर्णयांत मी आहे. अंशुल नाही." त्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला. "पण एक कबूल कर. हे शुद्धीवर आले की त्यांना सांगायचं. उगाच माझ्यावर येऊ देऊ नकोस."

"सांगावंच लागतं. आणि पुढे राहायचं की नाही ते तेव्हा तेच ठरवतील. तोवर तुम्हालाही वाटलं तर केव्हाही थांबवता येतं, कारण सांगायचीही गरज नाही."

शांताताईंनी सावकाश वाचून सही केली.

सीमंतिनी आत जाऊन कंप्युटरसमोर बसली, माहिती भरली आणि बटण दाबलं. उत्तर आलं: ताप राहू द्यायचा.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं, बदलतंय का बघायला. आणि लगेच तिला स्वतःचंच नवल वाटलं. दोन्हींतलं बरं कुठलं हे कुणालाच माहीत नाही, असं ती दुपारी तासभर मनापासून सांगत होती. मग दुसरा गट आला असता तर बरं झालं असतं, असं तिला आता का वाटावं? डॉक्टर शितोळ्यांना तिने हे बोलून दाखवलं. ते फाईल चाळत होते, ते थांबले.

"मलाही वाटतं तसं," ते म्हणाले. "दर वेळी. हात गप्प बसत नाहीत ना आपले."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंशुल येऊन पोचला. प्रवासाने चेहरा सुकलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग तशीच. तो आत गेला, वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच बाहेर आला. ताप मर्यादेच्या आत होता, पण हाताला चांगलाच लागत होता. आईने त्याला सगळं सांगितलं होतं. तो सीमंतिनीसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढला नव्हता.

"पापांना एवढा ताप आहे आणि तुम्ही लोक बघत बसलाय. मतलब, जान-बूझकर?"

"बसून बोलू या का आपण?"

"नाही बसायचं मला. मी इंजिनिअर आहे, ट्रायल वगैरे मला समझता है. कंट्रोल ग्रुप, सगळं माहितीये. But माझे पापा नाहीत त्यासाठी."

डॉक्टर शितोळे बाहेर आले होते. त्यांनी शांतपणे समजवायला सुरुवात केली. ताप धोक्याच्या पातळीवर नाही, बाकी सगळे उपचार चालू आहेत, रक्तदाब कालपेक्षा बरा आहे. अंशुलने ऐकून घेतलं. "सर, आप सही होंगे. पर मला हे बंद पाहिजे. अभी."

सही शांताताईंची होती, तेव्हा शब्दही त्यांचाच. डॉक्टर त्यांच्याकडे वळले. त्या मुलाकडे बघत होत्या. त्याच्या हाताकडे खरं तर. तो उजवा हात त्याने मुठीत मिटून धरला होता, जसा काही त्याला चटका बसलाय.

"बंद करा," त्या म्हणाल्या. मग सीमंतिनीकडे वळून हळूच बोलल्या, "इतक्या लांबून आलाय. त्याला काही तरी करू दे."

सीमंतिनीने वाद घातला नाही. ती आत गेली, रुग्णाला संशोधनातून काढल्याची नोंद केली आणि नर्सला सांगितलं. औषध दिलं गेलं. अंशुलला आत बसायची मुभा मिळाली आणि त्याने स्वतःच्या हाताने वडिलांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. दुपारपर्यंत ताप उतरला. त्याचे खांदे खाली आलेले सीमंतिनीला काचेतून दिसले.

"आत्तापर्यंतची माहिती वापरायची परवानगी घेऊन ठेव," डॉक्टर तिला म्हणाले. "बाहेर पडले तरी तेवढी विचारता येते."

"आत्ता नाही, सर."

"मग राहून जाईल."

"राहिली तर राहिली."

डॉक्टरांना ते फारसं आवडलं नाही. रुग्ण मिळणं आधीच मुश्कील, त्यात आलेला गेला.

सूर्याजी सुधारायला लागले. आधी ऑक्सिजन कमी झाला, मग एका सकाळी नळी निघाली, आणि काही दिवसांनी त्यांना वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात, दक्षिणेकडच्या खिडकीपाशी हलवलं. उन्हाची तिरीप पलंगावर यायची. सीमंतिनी त्यांना भेटायला गेली तेव्हा शांताताई संत्रं सोलत होत्या आणि अंशुल खिडकीत बसून फोनवर ऑफिसचं काम बघत होता. तिला बघून तो जरा अवघडला.

"ही ती," शांताताई नवऱ्याला म्हणाल्या.

"बस." सूर्याजींचा आवाज नळीमुळे घोगरा झाला होता. माणूस वाळला होता, पण नजर मैदानावर फिरावी तशी खोलीभर फिरत होती. "हिने सांगितलं थोडं. तू सगळं सांग."

सीमंतिनीने सगळं सांगितलं. संमती कुणी दिली, कुठला गट आला, मग कुणी बाहेर काढलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. अंशुल खिडकीबाहेर बघत होता.

"म्हणजे मला खेळवलंत, आणि मधेच बाहेर बसवलंत."

"पापा, तुम्हाला ताप होता बहुत."

"अरे, तुला कोण काय म्हणतंय?" सूर्याजी दम घेत थांबले. मग सीमंतिनीला म्हणाले, "बरं, मग मी कशाने बरा झालो? ताप होता म्हणून, की उतरवला म्हणून?"

"नाही सांगता येत."

"अंदाज?"

"अंदाजही नाही. कदाचित दोन्हींपैकी कशामुळेच नाही. जंतूंवरच्या औषधाने, किंवा तुमच्या व्यायामाच्या शरीराने. एका माणसावरून हे कळतच नाही, काका. म्हणून तर पुष्कळ जण लागतात."

हे उत्तर त्यांना आवडलेलं दिसलं. त्यांनी संत्र्याची एक फोड बराच वेळ चघळली. "माझ्यासारखाच दुसरा कुणी असेल ना? माझ्याच वयाचा, असाच न्यूमोनिया झालेला, आणि त्याचा ताप उतरवलेला?"

"असतील. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी रुग्णालयात."

"कसा आहे तो?"

"मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

"हं." ते खिडकीकडे बघू लागले. "घरी गेला असला म्हणजे झालं."

थोड्या वेळाने ते आपणहून बोलायला लागले. बेशुद्धीत आपण मैदानात उभे होतो, म्हणाले. जून महिन्यातलं ऊन, पायाखालची माती तापलेली, आणि सामना काही केल्या संपेना. शिटी वाजवायला तोंड उघडावं तर तोंडात काही तरी कोंबलेलं. "आणि मग कुणी तरी सावली धरली. छत्री की काय होतं कोण जाणे. एकदम गार वाटलं. ते तुम्ही औषध दिलंत तेव्हा का?"

अंशुलने फोन उलटा करून ठेवला.

"असू शकेल," सीमंतिनी म्हणाली. "नसूही शकेल. नळी असताना झोपेचंही औषध चालू होतं."

"हे लिहून घेता का तुम्ही?" हे अंशुलने विचारलं. "मतलब, त्यांना आत काय वाटलं ते?"

"नाही. आम्ही फक्त घरी गेले की नाही, किती दिवसांनी गेले, हेच मोजतो."

"मग ते पण पूछना चाहिए."

सीमंतिनीने मान डोलावली. खरंच, का विचारत नाहीत? ताप असलेला माणूस आतून कसा असतो, हे त्या संशोधनात कुणी विचारलंच नव्हतं, कारण ज्याला विचारायचं तो बोलू शकत नव्हता; आणि बोलू शकला की तो कुणाच्या यादीत राहत नव्हता. पुढच्या बैठकीत हे मांडायचं तिने तिथेच ठरवलं.

मग तिने राहिलेलं विचारलं. बाहेर पडेपर्यंतच्या एका रात्रीची माहिती वापरू का? नाही म्हणालात तर ती काढून टाकू.

"एका रात्रीची काय उपयोगाची?"

"फार नाही. पण लोक का बाहेर पडतात, हेही आम्हाला कळायला हवं आहे."

सूर्याजींनी कागद अंशुलकडे दिला. "वाच. मोठ्याने. सगळा." कागद हिंदीत होता, चांगला चार-पाच पानांचा. अंशुलने वाचला. एके ठिकाणी तो थबकला. 'बिना कारण बताए, किसी भी समय' हे वाक्य त्याने पुन्हा एकदा, स्वतःशीच वाचलं. मग म्हणाला, "हे मला तेव्हा कुणी... नाही, मम्मीने सांगितलं असणार. मी सुना नहीं."

"तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?" शांताताईंनी नवऱ्याला विचारलं, पण डोळे हसत होते.

"मी बेशुद्ध होतो. मला काय विचारतेस?" त्यांनी पेन घेतलं. हाताला ताकद नव्हती; सही शाळेतल्या पोराने केल्यासारखी वाकडीतिकडी आली. ती बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी खाली पुन्हा एकदा, जास्त नीट, स्वतःचं नाव लिहिलं.

त्यानंतर आयसीयूत काही गोष्टी बदलल्या. शांताताई जे बोलल्या ते सीमंतिनीने डॉक्टर शितोळ्यांना शब्दन् शब्द सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नर्सना सांगितलं, की कुठल्याही गटात असो, नातेवाईक आत आले की त्यांना काही तरी करायला द्या. ओठ ओले करणं, तळपायांना तेल चोळणं, हात पुसणं. आणि सही लागणारे कागद एकामागून एक नकोत. सीमंतिनीचा कागद तर आधी थोडं बोलणं झाल्याशिवाय बाहेरच काढायचा नाही. हो म्हणणारे थोडे वाढले. नाही म्हणणारे अजूनही बरेच होते, पण आता ते पूर्ण ऐकून नाही म्हणत, आणि सीमंतिनीला ते का म्हणतात हे बहुतेक वेळा कळायचं. बैठकीत तिने आतून काय वाटतं ते विचारण्याची सूचना मांडली. दूरच्या शहरांतल्या दोन डॉक्टरांनी लगेच फोन करून त्याबद्दल आणखी विचारलं.

होळी होऊन गेली. सूर्याजी तपासणीसाठी आले होते, खाली रांगेत बसले होते. शांताताई तेवढ्यात वर सीमंतिनीला भेटायला आल्या. ती हॉलमध्ये मुरैनाच्या एका बाईशी बोलत होती. बाईचा नवरा आत होता, सकाळीच ताप चढला होता. शांताताई दोन खुर्च्या सोडून बसल्या, पण बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपका भी कोई था अंदर?"

सीमंतिनी जरा सावध झाली. बऱ्या झालेल्या रुग्णाची बायको काही बोलली, तर समोरच्या बाईवर त्याचा दाब येणार. पण थांबवायला उशीर झाला होता.

"हमारे पति थे," शांताताई म्हणाल्या. "हमने पहले हाँ बोला. फिर ना बोल दिया. दोनों बार किसी ने कुछ नहीं कहा."

"और वो?"

"नीचे बैठे हैं. लाइन में. डॉक्टर से झगड़ रहे होंगे."

"तो बुख़ार से ठीक हुए?"

"यही तो किसी को नहीं पता," शांताताई म्हणाल्या आणि सीमंतिनीकडे हात केला. "इसको भी नहीं पता."

बाई काही वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग पदर सावरून उठली, कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या दिरापाशी गेली आणि त्याच्याशी काही तरी बोलली. दीर आला. त्याने भिंतीलगतची एक खुर्ची ओढून सीमंतिनीच्या समोर आणली, तीवर बसला आणि म्हणाला, "अब शुरू से बताइए."